घरगुती उत्साहवर्धन समितीचं पहिलं वर्ष

कर्ज फेडायला पैसा लागतो, हा समाजात खोलवर रुजलेला गैरसमज आहे. कर्ज फेडायला उत्साह लागतो. पैसा ही नंतरची गोष्ट. उत्साह असला की तो कुठून तरी येतोच, आणि नाही आला तर निदान उत्साह तरी हाताशी राहतो. हा विचार माझा नाही, माझ्या मेहुण्याचा आहे. त्याने तो एका तीन दिवसांच्या शिबिरात मिळवला आणि त्या शिबिराची फी तो अजून हप्त्यांनी फेडतो आहे. (म्हणजे अनुभवाचे बोल.)

आमचं कर्ज तसं साधं, घरंदाज कर्ज होतं. त्यात जुगार नाही, व्यसन नाही. एक स्वयंपाकघर होतं, ज्याचे खण ढकलले की आवाज न करता आपले आपण बंद होतात. एक सोफा होता, जो पाहुणे आले की पलंग होतो. (पाहुणा आजवर एकच आला, मेहुणा. तो पलंग उघडेपर्यंत थांबत नाही, सोफ्यावरच झोपतो.) आणि एक जागच्या जागी चालवायची सायकल होती, जिच्यावर कपडे फार छान वाळतात. या तिन्हींची तीन कर्जं एकत्र करून एका पतकंपनीने आम्हाला एकच मोठं कर्ज दिलं. तीन ठिकाणी तोंड लपवण्यापेक्षा एका ठिकाणी लपवणं सोपं, हा हिशोब मला लगेच पटला.

अर्ज भरताना एक रकाना आला: दुसरा संपर्क क्रमांक. हप्ता चुकला तर कंपनी पहिला फोन त्याच क्रमांकावर करते, असं समोरच्या कारकुनाने सांगितलं. मी आईचा नंबर दिला. माझा फोन ऑफिसात सारखा वाजत असतो, बायकोचा त्याहून जास्त, आणि मुलगी तिचा फोन उचलतच नाही. आईचा फोन मात्र कुणाचाच येत नसल्यामुळे कायम मोकळा असतो. साधनसामग्रीचा असा पुरेपूर वापर करणारी माणसं हल्ली कमी झाली आहेत.

कर्ज मिळालं आणि महिन्याभरात आमची तोंडं उतरली. तेव्हा मेहुण्याने पुढाकार घेऊन घरगुती उत्साहवर्धन समिती स्थापन केली. बैठक दर रविवारी, स्वयंपाकघराच्या टेबलावर. अध्यक्ष मी, खजिनदार बायको, विरोधी पक्ष मुलगी. मेहुणा मानद मार्गदर्शक. (मानधन: रविवारचं जेवण, आणि सोमवारी सकाळी निघाला तर नाश्ता.) आईकडे दोन खाती दिली. एक, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत कंपनीच्या खिडकीवर जाऊन हप्ता भरणं, कारण ती खिडकी आमच्या गल्लीच्या टोकाला आहे आणि तिला तेवढंच चालणं होतं. दोन, हप्ता भरून आल्यावर भिंतीवरच्या तक्त्यातला एक चौकोन हिरवा रंगवणं.

हा तक्ता म्हणजे समितीची शान होती. साठ हप्त्यांचे साठ चौकोन, मिळून एका घराचं चित्र, वर झेंडा. चकचकीत कागदावर छापून घेतला. चौकोन भरला की वाजवायला पितळेची घंटा आणली. चौघांना एकसारखे सदरे शिवून घेतले, पाठीवर 'आम्ही शून्याकडे' असं लिहिलेले. शेजारच्या शिंपीणबाईंनी ते वाचलं आणि काही विचारलं नाही, पण तेव्हापासून त्या आमच्याशी फार मऊ आवाजात बोलतात.

पहिल्याच बैठकीत त्याग जाहीर करायचे होते. मेहुणा म्हणाला, "प्रत्येकाने आपल्याला सगळ्यात जास्त हवी असलेली एक गोष्ट सोडायची. बोचलं पाहिजे." मी ऑफिसातला दुपारचा दुसरा चहा सोडला. (आता तो सहकारी पाजतात.) बायकोने नवे पडदे सोडले, जे घ्यायचे असं तिने त्याच सकाळी ठरवलं होतं. मुलगी म्हणाली, "मी बैठकीला येणं सोडते. मला फार बोचेल." तो त्याग फेटाळण्यात आला.

मग आईची पाळी आली. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले होते की पिकत चाललाय, फार लांबवू नका. खर्च अठरा हजार. आई म्हणाली, "माझं डोळ्याचं राहू दे यंदा. डावा आहे की."

मेहुणा उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. आईला 'महिन्याची त्यागमूर्ती' हा चषक देण्यात आला. (चषकाची किंमत उत्साह खात्यात.) पुढचे दोन महिने तो तिलाच मिळाला, कारण त्याग चालूच होता. चौथ्या महिन्यात मुलगी म्हणाली, "बाबा, आजीचं ऑपरेशनच करून टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी चान्स मिळेल." विरोधी पक्षाचा सूर म्हणून त्याची नोंद घेतली आणि पुढच्या विषयाकडे वळलो.

समितीच्या कामात अडचण एकच आली आणि ती आईच्या दोन्ही खात्यांत आली. आधी रंगकाम. पहिला चौकोन तिने बेताने, कडेकडेने रंगवला होता. तिसऱ्यात रंग रेघेबाहेर गेला. सहाव्या महिन्यात तिने एकदम दोन चौकोन भरले, त्यामुळे आमची एका हप्त्याची दिशाभूल झाली आणि आम्ही तेवढ्यात बाहेर जेवून आलो. नवव्या महिन्यात तिने तक्ता सोडून शेजारचं कॅलेंडर रंगवलं. त्या रविवारी मेहुण्याने एकाग्रतेवर अर्धा तास घेतला. "आई, नजर ध्येयावर पाहिजे," तो म्हणाला. आईने मान हलवली आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. त्यात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. संयमाचा सराव म्हणून मेहुण्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. असा माणूस सापडणं कठीण.

दुसरी अडचण वर्षअखेरीस लक्षात आली. बायकोने ताळेबंद मांडला. वर्षभरात कर्ज बावीस हजारांनी कमी झालं होतं आणि उत्साहावर एकोणीस हजार खर्च झाले होते. (निव्वळ प्रगती: तीन हजार. टाळ्या.) पण खाली आणखी एक ओळ होती. बायकोने तिच्यावर बोट ठेवलं. "अहो, उशिराचा दंड. दीडशे. दर महिन्याला."

"दर महिन्याला कसा? आई तर वेळेवर जाते."

"पहिला महिना सोडून अकराही महिने. साडेसोळाशे झाले."

साडेसोळाशे म्हणजे चेष्टा नाही. तेवढ्यात पाचवा सदरा आला असता, आईसाठी. (सदरे चारच शिवले होते, तिला कुठे बाहेर जायचं असतं.) मेहुणा म्हणाला, "भाऊजी, यंत्रणेला गळती लागली आहे. स्पीकरवर घ्या, सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे." रविवारीही कंपनीचा वसुली विभाग चालू असतो, यावरून त्यांचा उत्साह दिसतो. मी आवाजात जरब आणून फोन लावला. आई ओट्यापाशी भांडी विसळत होती.

पलीकडून एका मुलीचा आवाज आला. मी तक्रार सांगितली. तिने खाते क्रमांक विचारला, जरा वेळ टकटक केलं आणि तिचा आवाज एकदम बदलला.

"अय्या, हे आजींचं खातं आहे का?"

"खातं माझं आहे," मी म्हणालो.

"हो, पण आम्ही आजींशी बोलतो ना. आजी बऱ्या आहेत? डोळ्याचं ऑपरेशन झालं का त्यांचं?"



"तुम्हाला डोळ्याचं काय माहीत?" बायकोने विचारलं.

"समोर लिहिलेलं आहे. वाचून दाखवू? 'आजी. उजवा डोळा, मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख विचारणे.' हे आमच्या आधीच्या मॅडमनी लिहिलंय. मग त्यांच्यानंतरच्यांनी: 'अजून नाही. डावाही अंधुक, जिना उतरताना भीती वाटते. विचारणे.' मग मी लिहिलंय: 'मागच्या आठवड्यात पायरी चुकली. गुडघा सुजला. घरी सांगितलेलं नाही. विचारणे.'"

"हे सगळं लिहायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"नियम आहे, सर. वसुलीचं बोलण्याआधी आपुलकीचे दोन प्रश्न विचारायचे. त्याचे गुण मिळतात आम्हाला." मग ती म्हणाली, "आजींना चार विचारले तरी चालतात. त्याच फोन ठेवत नाहीत."

मेहुण्याने स्पीकर बंद करायला हात पुढे केला. आमच्या मुलीने तो हात धरला आणि बाजूला ठेवला.

आईने हात पुसले आणि फोनपाशी आली. "अगं, बरी आहे मी. तुझा खोकला गेला का?"

"खोकला आधीच्या मॅडमना होता, आजी."

"असू दे. तू आपली जप."

फोन ठेवल्यावर मी अध्यक्ष या नात्याने खुलासा मागितला. आईने तो अगदी सरळ दिला. दुसऱ्या महिन्यात पाच तारखेला खिडकीचं मशीन बंद होतं, म्हणून हप्ता राहिला. सहा तारखेला सकाळी कंपनीचा फोन आला. "पाव तास बोलली. कशा आहात, जेवलात का, तब्येत कशी आहे. मी म्हटलं, हे बरं आहे. पाचला भरला की कुणी फोन करत नाही. सहाला सकाळी फोन येतो, मग दुपारी जाऊन भरते." तिने जरा विचार केला. "पाव तासाचे दीडशे. महाग पडले का रे?"

मला लाज वाटली. (ही नोंद इतिवृत्तात नाही.) बायको उठून खिडकीपाशी गेली आणि तिथे नसलेले पडदे सारखे करू लागली. मेहुणा म्हणाला की भावनांचं व्यवस्थापन हा शिबिरातला चौथा विषय होता, पण त्या दिवशी तो लवकर जेवायला गेला होता. मुलीने घंटा, चषक आणि चारही सदरे टेबलावर आणून ठेवले आणि विचारलं, "यांचे किती येतील?"

फार आले नाहीत. शिंपीणबाईंनी सदऱ्यांची पायपुसणी करून दिली, तीही मऊ आवाजात. मी सायकल विकली, कपडे दोरीवर आले, आणि कमी पडले तेवढे त्याच कंपनीकडून नवं, छोटंसं कर्ज काढलं. आईचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ती घरी आली, भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "शी, हे कुणी रंगवलंय असं?" मग वळून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. "केवढा पिकलास रे तू," ती म्हणाली. "मला वाटायचं, उजेड पडलाय डोक्यावर."

आता समिती बरखास्त आहे. मेहुणा कर्ज मागायला नको म्हणून येत नाही आणि द्यायला नको म्हणून आम्ही बोलावत नाही, संबंध उत्तम आहेत. हप्ता तीन तारखेलाच जातो आणि दंड बंद झाला. सहा तारखेला सकाळी मुलगी आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आईला फोन लावते आणि आपुलकीचे दोन प्रश्न विचारते. आई तिला गुण देते. पहिल्या महिन्यात दहापैकी चार मिळाले. कंपनीची मुलगी बरी होती, असं आईचं मत पडलं.

तुम्ही आतापर्यंत आमच्या घराला मनसोक्त हसला असाल. हसा, काही हरकत नाही. पण तुम्हीही कधी तरी घरासाठी, गाडीसाठी, निदान फ्रिजसाठी तो अर्ज भरलाच असेल. त्यात तो रकाना होताच: दुसरा संपर्क क्रमांक. तिथे तुम्ही ज्या माणसाचा नंबर दिलात, त्याच्याशी शेवटचं कधी बोललात, ते जरा आठवून बघा. आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. कंपनीला विचारा. त्यांच्याकडे लिहिलेलं असतं.