भिकातात्यांचे आपटीबार

आमचे शेजारी भिकातात्या यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात बाराही महिने आपटीबार असत. एकदा कोल्हारच्या स्टँडवर एका जुन्या मित्राने त्यांना कडकडून मिठी मारली आणि दोघांच्या छातीवर ताडताड सुरू झालं. मित्र मटकन खाली बसला. कंडक्टर टायर तपासत गाडीभोवती फिरला. तात्या खिसा झटकत म्हणाले, "माल एक नंबर हाय!"

दिवाळीत पोरांनी सुतळी बॉम्ब आणले की तात्यांना राग यायचा. "काडी लावा आन् पळा! फटाका उडवताय का चोरी करताय?" मग पुडी दाखवत शिकवणी सुरू. "ह्यात बारीक खडी हाय. तिला नुसती चाटून दारू लावलेली. आपटलं की खडीला खडी घासती, भांडण लागतं, पुडी फाटती. काडी न्हाई, चटका न्हाई."

शिकवणी संपली की एक बार ऐकणाऱ्याच्या पायाशी. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा यांनी नवऱ्यामुलाच्या पाटाखाली दोन ठेवले. मुलगा वीतभर उडाला, बहीण खो खो हसली आणि लग्न जमलं. तेव्हापासून तात्यांना कोण आवरणार?

सगळ्यात जास्त छळ मात्र काकूंचा. रोज संध्याकाळी त्या भाकरी थापत असल्या की तात्या मांजरासारखे मागून जात आणि फरशीवर बार आपटत. काकू ओरडत, "जळली मेली ती हौस! अवो, नातवंडं झाली आता!" तात्या खूश.

एकदा मी चिडलोच. "तात्या, काय छळ मांडलाय त्यांचा?"

तात्या हळूच म्हणाले, "तिचे कान चाललेत रं. डॉक्टर म्हनला, हळूहळू समदं बंद हुनार. तिला न्हाई सांगितलं. आजून ऐकू येतंय का, तेवढं बघतो."

त्यांचा टीव्ही चार घरं ऐकू का येतो, ते मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं.

भाऊबीजेला त्यांच्याकडे फराळाला गेलो. काकू पाठमोऱ्या बसून ताटं भरत होत्या. तात्यांनी बार आपटला. दारातलं कुत्रं पळालं, माझा चहा सांडला. काकू करंज्या मोजत राहिल्या. तात्यांनी आणखी एक आपटला. मग आणखी एक.

काकू वळल्या. "अगं बाई, च्या कसा सांडला?"

तात्यांनी रिकामा खिसा चाचपला आणि माझ्याकडे बघितलं. "यंदाचा माल फुसका निघाला. व्हय ना रं?"

माझ्या कानात अजून दडे बसले होते.

"हो तात्या," मी म्हणालो. "एकही वाजला नाही."