रवंथ बरा करणारे डॉक्टर साळिंदर

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांची पोटं अगदी ठीक होती. त्यामुळे तिथे दवाखाना काढणाऱ्याची फार पंचाईत होणार होती.

दवाखाना काढला साळिंदराने. आधी तो याच जंगलात कंदमुळं उकरायचा. एका उन्हाळ्यात तो डोंगरापलीकडे गेला आणि परत आला तो डॉक्टर होऊन. तिकडे तो कोणाकडे शिकला हे कोणी विचारलं नाही. ज्याच्या अंगावर एवढ्या सुया आहेत त्याला अ‍ॅक्युपंक्चर येतच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

त्याने एका सपाट दगडावर कोळशाने शरीराचा नकाशा काढला. त्यात एक तोंड होतं, एक पोट होतं आणि तोंडाकडून पोटाकडे जाणारा बाण होता. हा नकाशा त्याने स्वतःवरून काढला होता. जगात आणखी निराळी पोटं असतील, असं त्याला वाटलं नाही.

दवाखान्यात कोणी येईना. मग डॉक्टर स्वतःच रुग्ण शोधायला निघाले. (पाटी लागल्यावर अहो-जाहो करावं लागतं, मुलांनो.)

भर दुपार होती. ओढ्याकाठी ऐनाच्या झाडाखाली चितळांचा कळप बसला होता. सकाळी घाईघाईने खाल्लेलं गवत पोटातून परत तोंडात आणून सगळे निवांत चावत होते. चितळांच्या पोटाला चार कप्पे असतात आणि रवंथ केल्याशिवाय त्यांना गवत पचत नाही. तुम्हाला हे शाळेत शिकवलं आहे. डोंगरापलीकडे बहुतेक शिकवत नसावेत.

डॉक्टर थबकले. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं.

"हे कधीपासून होतंय?"

"काय कधीपासून?" कळपातले वडीलधारे शिंगाडेकाका म्हणाले.

"खाल्लेलं परत तोंडात येणं."

"जन्मापासून."

"बाप रे! म्हणजे जुनाट आहे."

"अहो, पण त्रास काहीच नाही."

"हेच तर लक्षण! त्रास अंगवळणी पडलाय तुमच्या." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "मला सांगा, राजेसाहेबांना कधी रवंथ करताना पाहिलंत?"

राजेसाहेब म्हणजे वाघ. त्यांना जेवताना अगदी जवळून पाहिलेली चितळं सांगायला परत आली नव्हती. पण लांबून पाहिलेल्यांनी आठवून पाहिलं. नाही बुवा.

"एकदा खाल्लं की खाल्लं," डॉक्टर म्हणाले. "याला पचन म्हणतात. बाकी सगळा विकार."

झुंबर नावाच्या हरिणीने लगेच तोंड मिटलं. "अगं बाई! आणि मी पाहुण्यांसमोर चावत बसायचे!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे रांग लागली.

उपचार सोपा होता. सकाळी भरपेट चरून यायचं आणि कुशीवर पडायचं. डॉक्टर पोटावर आपल्या अंगचे काटे टोचायचे. ऊन उतरेपर्यंत काटे काढायचे नाहीत आणि काटे असेपर्यंत जबडा हलवायचा नाही. जबडा हलला किंवा नंतर रात्री रवंथ केला, तर गुण येत नाही.

गुण आला. रवंथ बंद झाला.

पोटं मात्र फुगली.

"डॉक्टरसाहेब, पोट दगडासारखं लागतंय," शिंगाडेकाका म्हणाले.

"भरल्यासारखं वाटतंय ना?"

"वाटतंय खरं."

"पूर्वी दिवसभर असं कधी वाटलं होतं?"

"नाही."

"मग!"

कोणाचे पाय लटपटू लागले. डॉक्टर म्हणाले, जुनी घाण निघते आहे. कोणाला उभं राहवेना. डॉक्टर म्हणाले, शरीर विश्रांती मागतं आहे, द्या. राजेसाहेबांनीही समोरच्या टेकडीवरून कौतुक कळवलं. तरुण पिढी प्रकृतीची काळजी घेते हे पाहून त्यांना समाधान वाटलं. उपचारानंतर धावपळ टाळावी, एवढीच त्यांची प्रेमाची सूचना होती.

या कळपात ठिपकी नावाची हरिणी होती. झुंबरची धाकटी जाऊ. तिचं पाडस अगदी कोवळं होतं, गवताला अजून तोंड लावत नव्हतं. ठिपकीनेही काटे टोचून घेतले, कारण न घेतले तर जाऊबाई काय म्हणतील! पण चारच दिवसांत तिचं दूध आटलं. पाडस आचळाला ढुशा देई आणि रिकाम्या तोंडाने ओरडे. मग त्याचं ओरडणंही कमी झालं. ठिपकीला ते जास्त भयंकर वाटलं.

ती पाडसाला घेऊन दवाखान्यात गेली.

"डॉक्टरसाहेब, याला दूध पुरत नाही हो."

"याला सारखी भूक लागते का?"

"लागते ना."

"बघा! आईचा विकार मुलात उतरला. बरं झालं लवकर आणलंत. ठेवा इथे."

डॉक्टरांनी पाठीवरून एक काटा उपसला. ठिपकीने काट्याकडे पाहिलं. मग पाडसाच्या पोटाकडे पाहिलं. काटा मोठा होता.

"उद्या येते," ती म्हणाली आणि निघाली.

ती थेट करवंदीच्या दाट जाळीमागे गेली. इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी तिने पोटातलं गवत तोंडात आणून चावायला सुरुवात केली. तिला फार लाज वाटली. फार बरंही वाटलं. हळूहळू पोट हलकं झालं. ती रोज तिथे जाऊ लागली. दूध परत आलं. पाडस उभं राहिलं आणि उड्याही मारू लागलं, त्यामुळे सगळं उघडकीला आलं.

झुंबर पाळतीवर होतीच. ती जाळीमागे आली.

"ठिपके! चावतेस?"

"नाही हो, जाऊबाई."

"मग जबडा का हलतोय?"

"पाडसाशी बोलत होते."

"पाडस झोपलंय."

ठिपकीने पटकन गिळलं. पण गिळलेलं दिसलंच.

कळप जमला. म्हणजे ज्यांना उठता आलं ते जमले.

"आम्ही पोटं टरारून इथे कळ काढतोय," शिंगाडेकाका धापा टाकत म्हणाले, "आणि तू ओकलेलं खातेस? लहान पोरं तुझ्याकडून काय शिकतील?"

"पण काका, माझं पाडस बघा. केवढं टवटवीत झालंय."

"बघवत नाही," झुंबर म्हणाली.

आणि ते खरं होतं. दुसऱ्या कोणाचंच पाडस उड्या मारत नव्हतं.

ठिपकीने ओढ्यापलीकडे राहावं, असं ठरलं. ती पाडसाला घेऊन ओढा ओलांडून गेली. मागे वळून पाहिलं, तर सगळे तिच्याकडे पाठ करून पडले होते. तिला रडू आलं. कळपाशिवाय चितळाला झोप लागत नाही, मुलांनो.

पुढे एका दुपारी टेकडीवरचं गवत हललं. झाडावरच्या वानराने ते पाहिलं आणि खॅक-खॅक करून रान डोक्यावर घेतलं.

"पळा रे! खाली येतोय! पळा!"

ओढ्यापलीकडे ठिपकी ताडकन उठली आणि पाडसाला पुढे घालून धूम पळाली.

ओढ्याअलीकडे कोणीच हललं नाही. सगळे काटे लावून पडले होते.

"अहो काका, उठा!" वानर किंचाळलं. "दिसत नाही का?"

"ओरडू नकोस," शिंगाडेकाका जबडा न हलवता पुटपुटले. "गुण जाईल."

"आणि काटे काढायला अजून वेळ आहे," झुंबर ओठ मिटूनच म्हणाली.

राजेसाहेब सावकाश आले. घाई करण्यासारखं काही नव्हतंच. ते पुढे बरेच दिवस येत राहिले. काटे तेवढे त्यांनी बाजूला काढून ठेवले.

मग डॉक्टरांनी पलीकडच्या माळावर नीलगायींची सभा घेतली. नीलगायीसुद्धा रवंथ करतात, हे त्यांच्या नुकतंच लक्षात आलं होतं.

"चितळांच्या कळपाने माझा पूर्ण कोर्स केला," डॉक्टर म्हणाले. "आज त्यांच्यापैकी एकाचीही पोटाची तक्रार नाही."

नीलगायींनी माना डोलावल्या.

"आणि ती?" एकीने ओढ्यापलीकडे पाहत विचारलं. तिथे ठिपकी सावलीत बसून शांतपणे चावत होती. पाडस तिला लुचत होतं.

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "तिने उपचार अर्धवट सोडला. अजून तशीच आहे."

"अरेरे!" नीलगायी म्हणाल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.

तात्पर्य : जिवंत राहणं हा उपचार अर्धवट सोडल्याचा दुष्परिणाम आहे. चारचौघांत मान हवा असेल, तर कोर्स पूर्ण करावा.