आपटेकाकांच्या खाजेचा खटला

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत पार्किंगमधल्या एकाच खांबाचा रंग उडालेला आहे, तोही बरोबर पाठीच्या उंचीवर. रोज सकाळी दूध आणायला उतरले की आपटेकाका त्या खांबाला पाठ टेकतात आणि डोळे मिटून सावकाश वर-खाली होतात. चेहऱ्यावर पूजा सांगणाऱ्या गुरुजींचं गांभीर्य. कुणी बघत उभं राहिलं तर म्हणतात, "सोरायसिस आहे. लागत नाही. सल्ला नको."

काकांची सगळी नोकरी कोर्टात झाली. त्यामुळे खाज सुटली की ते औषधाआधी आरोपी शोधतात. मी समोरच्याच घरात राहतो, म्हणून साक्षीला मी.

थंडीत पहिला संशय लोकरीच्या स्वेटरवर आला. काकांनी तो घालून पाहिला, काढून पाहिला, आणि शेवटी स्वेटरला कपाटात जन्मठेप झाली. मग कढत पाण्याची पाळी. "अंघोळ झाली की कातडी पापडासारखी कोरडी पडते. उघड आहे," म्हणून कोमट पाणी सुरू झालं. थोडा उतार पडला, पण खांब काही सुटेना. साबण बदलला. वांगं तर घरात यायचंच बंद झालं.

"वांग्याविरुद्ध पुरावा काय?" मी विचारलं.

"त्याची एकंदर ख्याती," काका म्हणाले.

सगळ्यांत भक्कम खटला वारज्याच्या मेहुण्यावर उभा राहिला. तो आला की काकांचं कोपर खाजायला लागायचं, गेला की थांबायचं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, मनावर ताण आला की या आजारात खाज वाढतेच. काका भलतेच खूश. पुढच्या खेपेला मेहुण्याला दारातच म्हणाले, "या. डॉक्टरांनी तुम्हाला बेतानं घ्यायला सांगितलंय."

त्यानंतर मेहुणा बरेच दिवस फिरकला नाही. कोपर शांत झालं, पण पाठ ऐकेना. काकांची झोप उडाली. सदऱ्यावर मागे रक्ताचे ठिपके दिसायला लागले, तेव्हा मीही चेष्टा सोडली आणि त्यांना स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी हात पाहिले, पाय पाहिले. चांगले सुधारले होते. मग पाठ वळवायला सांगितली. पाठीच्या मधोमध एक मोठा, लालभडक, भेगाळलेला चट्टा होता.

"मलम रोज लावता ना?"

"रोज. दोन्ही वेळा."

"इथे कोण लावतं?"

काका उलटतपासणीला घाबरणारे नव्हेत. पण ते सदऱ्याची बटणं लावत बसले, तीही चुकीच्या काजात. "ही लावायची," एवढंच म्हणाले.

ही म्हणजे सुमनकाकू. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मला फार वाईट वाटलं. स्वेटरपासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांना काकांनी पिंजऱ्यात उभं केलं, पण आपला हात तिथवर पोचत नाही, हे एक कारण कुणापुढे काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली उतरायच्या आत मी त्यांचं दार वाजवलं.

"सदरा काढा काका. मलम कुठाय?"

"आधी हात धुऊन या."

"अहो, लागत नाही म्हणता ना?"

"माझं लागत नाही. तुमचं काय सांगावं?"

मी हात धुतले. काका खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसले. बोट लागलं तसे आधी ताठ झाले, मग हळूहळू खांदे सैल पडले. मी ट्यूबचं झाकण लावलं तेव्हा म्हणाले, "तिचा हात जरा खरखरीत होता. भांडी घासून झालेला. बरं वाटायचं."

मी ट्यूब त्यांच्या हाताशी ठेवली.

"तुमचाही होईल," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रोज आलात तर."