सांडपाणी अहवाल, खंड पाचवा

एखादी वस्तू साऱ्या जगापासून लपवायची असेल, तर तिजोरी घेऊ नका, कुलूप घेऊ नका, बायकोच्या माहेरी तर मुळीच ठेवू नका. तिला खात्याच्या अहवालाचं कव्हर घाला! हा शोध माझा स्वतःचा आहे आणि मला त्याचा रास्त अभिमान आहे. मी शहराच्या सांडपाणी खात्यात अभियंता आहे. आमच्याकडे अहवाल येतो, त्यावर सही होते आणि तो कपाटात जातो. तो कोणी उघडल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. धूळ बसली की जुना अहवाल, नसली की नवा, एवढाच काय तो फरक.

लपवायचं काय होतं, तेही सांगतो. 'कप्तान भोवरा'! लहानपणी आमच्या गल्लीतल्या वाचनालयात या कॉमिकचे पातळ पातळ अंक यायचे. ज्वालामुखी, बुडालेली शहरं, तुटत आलेले दोरखंड आणि दर अंकाच्या शेवटी 'क्रमशः'! कप्तानाच्या जिवावर उठलेला तो मुखवटेवाला नक्की कोण, हे शेवटच्या अंकात कळणार होतं. आणि शेवटचा अंक वाचनालयात आलाच नाही! मी शिकलो, नोकरीला लागलो, लग्न केलं, डोक्यावरचे केस गेले, पण मुखवट्याआड कोण आहे हे काही मला कळलं नाही. माणसाला कसल्या कसल्या काळज्या असतात. माझी ही एकच होती.

आणि अचानक त्याची संग्रहित आवृत्ती निघाली! पाच जाडजूड खंड, गुळगुळीत कागद, मूळ रंग! मी ते खोकं छातीशी धरून घरी आलो.

"पोरं झाली तेव्हा इतक्या प्रेमाने नव्हतं उचललंत!" बायको म्हणाली.

मी लक्ष दिलं नाही. माझी योजना पक्की होती. अधाशासारखं वाचायचं नाही, रोज एकच प्रकरण. शेवटच्या पानापर्यंत चवीचवीने पोचायचं. पण त्याच आठवड्यात मेहुण्याची बदली आमच्या शहरात झाली आणि घर मिळेपर्यंत तो आमच्याकडे राहणार असं ठरलं. माझा मेहुणा मनाने अगदी सोनं आहे, पण शेवट सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. सिनेमाची पाटी पडते न पडते तोच "खून माळ्याने केलाय" असं म्हणून तो आरामात पाय पसरतो. पुस्तक हाती लागलं की आधी शेवटचं पान! अशा माणसाबरोबर पाचवा खंड एका छपराखाली ठेवणं शक्यच नव्हतं.

म्हणून पाचही खंड ऑफिसात गेले. आता टक्कल पडलेल्या अभियंत्याने चारचौघांत कॉमिक वाचावं हे बरं दिसत नाही. तेव्हा मी त्यांना करड्या जाड कागदाची कव्हरं घातली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सांडपाणी निचरा, सर्वंकष अहवाल'. खंड एक ते पाच. खुर्चीमागच्या कपाटात ते इतके शोभून दिसत होते, की क्षणभर मलाच ते उघडून बघावेसे वाटेनात!

काय सांगू, स्वर्ग होता! रोज डबा खाता खाता एक प्रकरण. कप्तान मोहिमेवर निघाला, की त्याचा म्हातारा मामा धक्क्यावर उभा राहून डोळे पुसत रुमाल हलवायचा. त्या चित्रापाशी माझ्याही डोळ्यांत हटकून पाणी यायचं. एकदा नेमके आमचे हेडक्लार्क समोर आले.

"साहेब, रडताय?"

"गाळाचे आकडे," मी म्हणालो. "बघवत नाहीत."

हेडक्लार्क हेलावले. साहेब जेवतानासुद्धा अहवाल वाचतात आणि शहरासाठी रडतात, अशी माझी कीर्ती दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. मी नाकारली नाही. उगाच कोणाला दुखवा कशाला!

आणि मग नव्या मॅडम आल्या. खात्याच्या प्रमुख. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि म्हणाल्या, "मी अहवाल वाचते."

असलं काही आम्ही कधी ऐकलंच नव्हतं!

"प्रत्येक अहवाल वाचते आणि त्याचा सारांश सगळ्यांना एका वाक्यात सांगते. म्हणजे सगळ्यांचा वेळ वाचतो. जलवाहिन्यांचा अहवाल आज सकाळीच वाचला. सारांश: पाइप गळतात. बसा."

आम्ही बसलो. मॅडम नाही बसल्या. त्या कपाटं बघत फिरल्या आणि माझ्या कपाटापाशी थांबल्या.

"हे पाच खंड कोणाचे?"

मी तोंड उघडणार, तोच हेडक्लार्क अभिमानाने पुढे आले. "आमच्या साहेबांचे! घास बाजूला ठेवून वाचतात, मॅडम!"

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या, आणि पहिला खंड काखेत मारून निघूनही गेल्या!

मला दरदरून घाम फुटला. आता बोलावणं येणार, आता निलंबनाचा कागद हातात पडणार. पण काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी शिपाई आला. "मॅडमनी पुढचा मागितलाय." मग तिसरा मागितला. ना एक शब्द, ना गेलेला खंड परत!

"पुरावे गोळा करताहेत," बायको म्हणाली. "नोकरी गेली तर घराचे हप्ते कोण भरणार? कप्तान?"

मलाही तेच वाटू लागलं होतं, कारण ऑफिसातली माणसं बदलली होती. मी व्हरांड्यात आलो की घोळके पांगायचे. टायपिस्टबाई मला बघून पटकन ड्रॉवर बंद करायच्या. हेडक्लार्क तर नजरेला नजर देईनात. माझं भवितव्य सगळ्यांना ठाऊक झालंय आणि बिचारे मला सांगायला धजत नाहीत, याबद्दल माझी खात्रीच पटली.

शेवटी शिपाई चौथ्या आणि पाचव्यासाठी एकदमच आला. चौथा माझा निम्मासुद्धा झाला नव्हता!

"पाचवा अजून पक्का व्हायचाय म्हणावं," मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो.

शिपाई जाऊन परत आला. "मॅडम म्हणाल्या, कच्चाही चालेल. आणि जरा लवकर द्या म्हणाल्या."

दिले दोन्ही! मुलगी सासरी पाठवताना बापाला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी सभा लागली. अख्खं खातं हजर. मॅडम उठल्या आणि टेबलावरून करड्या कव्हरचा जाडजूड खंड उचलला. पाचवा! माझा!

"सांडपाणी निचरा, सर्वंकष अहवाल," त्या म्हणाल्या. "पाचही खंड मी पूर्ण वाचले. आता नेहमीप्रमाणे सारांश सांगते, एका वाक्यात."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका वाक्यात! म्हणजे शेवट! ज्याच्यासाठी मी मेहुण्यापासून पळालो, ज्याच्यासाठी उभं आयुष्य थांबलो, तो आता या भर सभेत माझ्या कानांवर आदळणार! एकीकडे नोकरी, दुसरीकडे मुखवटेवाला. गप्प बसलो असतो तर कदाचित नोकरी वाचली असती. पण मी गप्प बसलो नाही, आणि याचा मला आजही अभिमान वाटतो. मी खुर्चीवर चढलो!

"मॅडम, थांबा! एक अक्षर बोलू नका! तो अहवाल नाही! ते कॉमिक आहे! कव्हर मी घातलंय! हवी ती शिक्षा करा, पण सारांश सांगू नका!"

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चक्क ओले होते.

"कॉमिक आहे हे मला पहिल्या पानावरच कळलं हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही तो शेवटचा अंक कधी आला नव्हता. किती वर्षं मी हेच मनात घोळवत होते. आणि तुमच्यामुळे आज कळलं, की मुखवट्याआड दुसरातिसरा कोणी नाही, त्याचा तो मामाच होता!"

मी खुर्चीवरून कसा उतरलो मला आठवत नाही. पण त्यानंतर जो गलका उठला तो आठवतो. तो माझा नव्हता. तो अख्ख्या खात्याचा होता!

"मॅडम!" हेडक्लार्क किंचाळले. "आमचा तिसराच चालू होता हो!"

"मी तर कालच दुसरा घेतला!" टायपिस्टबाईंनी ड्रॉवरमधला खंड बाहेर काढून टेबलावर आपटला.

"मामा?" शिपाई मटकन खालीच बसला. "तो रुमालवाला मामा?"

म्हणजे खंड मॅडमच्या खोलीतून निघून माझ्या कपाटाकडे येताना वाटेत एकेकाच्या ड्रॉवरमध्ये मुक्काम करत होते! माझ्या भवितव्याची कुजबुज नव्हतीच ती. ज्वालामुखीतून कप्तान कसा सुटणार याची होती!

मॅडम कावऱ्याबावऱ्या झाल्या. "पण तुम्ही तरी वाचलाच असेल ना? तुमचाच तर खंड!"

मी हात पुढे केला, पाचवा खंड घेतला आणि घरी आलो. मग सरळ आरामखुर्चीत बसून वाचला, एका बैठकीत, चौथा अर्धवट राहिलेला असूनही; योजना बिजना गेली खड्ड्यात! आणि खरं सांगतो, शेवट ठाऊक असूनही एक पान हातावेगळं करताना पुढच्या पानासाठी जीव तुटत होता. दोर तुटायला लागला तेव्हा माझे तळहात भिजले. मामाने मुखवटा काढला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो!

तेव्हा वाचकहो, माझं ऐका. कोणाच्याही तोंडून काही ऐकायच्या आत हे पाचही खंड मिळवा आणि अगदी कोऱ्या मनाने वाचा. कारण त्या मुखवट्याआड कोण आहे हे आधी कळू न देण्यातच खरी...

अरेच्चा!