खुर्ची दमली

इनामदार सरांकडे लॅटिनच्या उजळणीत चूक झाली की खुर्ची जायची. सर स्वतः उठत, चुकणाऱ्याच्या खालची खुर्ची काढून घेत आणि भिंतीशी लावून ठेवत. "उठा. खुर्ची दमली." एवढंच. उरलेला तास उभ्याने.

खडकी बाजारातल्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही चौघं शिकायचो. फादर व्हायला निघालेले दोन तरुण, वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका आणि मी. मला इतिहास शिकायला परदेशात जायचं होतं, आणि लॅटिनच्या परीक्षेशिवाय तिथे प्रवेश नव्हता. माझा आवाज मुळातच बारीक. इंग्लिश शाळेतही प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवायचे. सर कान पुढे करून विचारत, "आपण म्हणताय की श्वास घेताय?"

एकदा 'रोझा', म्हणजे गुलाब, हा पहिल्या धड्यातला शब्द चालवताना प्राध्यापिका म्हणाल्या, "सर, फारच अवघड आहे हो हे." सर म्हणाले, "शाळेत रामः रामौ केलंत ना? राम जमला, मग रोझा का जड जातो?"

चूक दाखवायच्या मात्र नसीमबाई, सरांच्या पत्नी. त्यांनी आयुष्यभर शाळेत लॅटिन शिकवलं. लग्नानंतर सरांनाही त्यांनीच शिकवलं. अर्धांगवायूने वाचा गेली तेव्हापासून त्या आतल्या खोलीत, पडद्याआड पलंगावर असत. बाहेर कोणी चुकलं की हातातला चमचा पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटत. ठण! मगच सर उठत. चूक त्यांनाही कळलेली असे, पण त्याआधी ते कधी जागचे हलले नाहीत.

दिवाळीनंतर बाई हॉस्पिटलमध्ये राहून आल्या आणि चमचा थांबला. आम्ही चुकायचो, सर पडद्याकडे बघत बसायचे आणि खुर्च्या जागच्या जागी राहायच्या. फादरमंडळी खूश होती.

परीक्षेआधीच्या शेवटच्या उजळणीला सरांनी बजावलं, "आज ज्याची खुर्ची जाईल, त्याला यंदा परीक्षेला बसवणार नाही. माझी शोभा नको."

माझी पाळी आली. बेल्लुम, म्हणजे युद्ध. द्वितीयेच्या अनेकवचनात 'बेल्ला' म्हणायचं, तिथे मी 'बेल्लोस' म्हणाले. म्हणताक्षणीच कळलं. सरांनाही कळलं, कारण त्यांची मान पडद्याकडे वळली. आम्ही सगळेच तिकडे बघत राहिलो. आत काहीच नाही.

"पुढे," सर म्हणाले. इतक्या हळू, की म्हणताहेत की श्वास घेताहेत तेच कळेना.

पुढे गेले असते तर सुटले असते. फादरांपैकी एकाने मला डोळ्यांनी तसं सुचवलंही. मी सरांच्या पाठमोऱ्या मानेकडे पाहिलं.

"बेल्लोस!" मी ओरडले. जन्मात इतक्या मोठ्याने मी काही बोलले नव्हते.

मग, अगदी हलकी, ठण.

सर ताडकन उठले. "चुकलं! ऐकलंत ना सगळ्यांनी? चुकलं! उठा, उठा, खुर्ची दमली!" इतक्या आनंदाने मला कोणी कधी नापास केलेलं नाही.

माझी खुर्ची त्यांनी उचलली, पण भिंतीशी ठेवली नाही. ती घेऊन ते पडद्याआड गेले. माझी परीक्षा वर्षभर पुढे गेली होती, आणि मी उभी होते. आतून सरांचा आवाज आला. पहिलाच धडा.

"रोझा, रोझे, रोझे..." आणि मग कधीही न चुकणारे सर सावकाश, स्पष्ट चुकले.

ठण.

"उठतो, बाई," सर म्हणाले.