क्विंटससाठी योग्य घर

ओल्डनबुर्गच्या टोर्बेन आणि वीबके हार्म्स या दांपत्याने आखूड पायांचा, लांब पाठीचा डॅशहुंड कुत्रा पाळायचे ठरवले, तेव्हा तो जबाबदारीने पाळायचा हेही ठरवले. गाडीच्या डिकीतून पिल्ले विकणाऱ्यांच्या वाटेला ते जाणार नव्हते. त्यांना श्वानसंघटनेची मान्यता असलेली, कुत्र्यांच्या सात पिढ्या तोंडपाठ असलेली नामांकित ब्रीडर हवी होती. अशा केटलरबाई सापडल्या आणि त्यांनी भेटीला बोलावले, तेव्हा टोर्बेनला आकाश ठेंगणे झाले.

बाईंनी कॉफी आणि प्लमचा केक पुढे ठेवून उलटतपासणी सुरू केली. पिल्लाचे नाव आधीच ठरले होते. एका वेताच्या सगळ्या पिल्लांची नावे एकाच अक्षराने सुरू करायची ही बाईंची रीत, आणि यंदाचे अक्षर क्यू; म्हणून नाव क्विंटस आणि घराणे फॉन डेर मोरहाइडे.

"घरी दिवसभर कोण असतं?"

"आम्ही दोघं नोकरीला जातो," वीबके म्हणाली, "पण दुपारी कुणाला तरी पाठवू की."

"कुणाला तरी?" बाईंनी काटा खाली ठेवला. "घरात मायेचं माणूस नसेल, तर केक संपवा आणि निघा."

क्विंटस तेव्हा टोर्बेनच्या बुटाची नाडी चघळत होता. टोर्बेनचा जीव त्याच्यात पुरता अडकला होता. परतताना गाडीत वीबकेला एकदम आठवले, की मायेचे माणूस आपल्याकडे आहे. टोर्बेनचे वडील. ते शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात होते. तो आश्रम टोर्बेनने फोनवरच पसंत केला होता, कारण तिथे गाडी लावायला भरपूर जागा होती.

"बाबा, घरी चला," टोर्बेन म्हणाला.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "का रे, एकदम आज?"

"कुत्रा आणतोय."

ठरल्याप्रमाणे केटलरबाई घराच्या तपासणीला आल्या. कुंपण पाहिले, जिना पाहिला, मग म्हातारा पाहायला घेतला.

"जरा चालून दाखवा. वाका. रात्री ओरडता का?"

म्हाताऱ्याने सगळे करून दाखवले. कुणी सांगितले नव्हते, तरी कवळीही काढून दाखवली.

"स्वभाव उत्तम," बाईंनी निर्वाळा दिला. "आता अट ऐका. नीट सांभाळणं जमलं नाही, तर मी कधीही येऊन परत नेईन. माझ्या घरचा जीव कुठल्याही आश्रमात जात नाही."

हे वाक्य म्हाताऱ्याने बाईंना पुन्हा एकदा म्हणायला लावले.

क्विंटस आला. त्याच्या पाठीला त्रास नको म्हणून जिन्यावर उतार बसवला, मणक्यांसाठी खास गादी आणली, हरणाचे मांस आणले, शनिवारची शाळा लावली. म्हाताऱ्याची खाट त्या गादीशेजारी टाकली. दोघांचे मस्त जमले.

काही महिन्यांनी बाई पुन्हा तपासणीला आल्या. क्विंटस गुटगुटीत होता. बाईंनी सवयीने म्हाताऱ्याच्याही बरगड्या चाचपल्या.

"वजन उतरलंय. यांना फिरायला कोण नेतं?"

"क्विंटस नेतो ना," टोर्बेन म्हणाला.

"आणि बोलतं कोण यांच्याशी?"

टोर्बेनने आशेने क्विंटसकडे पाहिले.

"सामान भरा," बाई म्हणाल्या.

"कुणाचं?"

"दोघांचं. यांची जोडी जमलीय आणि मी जोड्या फोडत नाही."

म्हातारा पिशवी घेऊन दारात उभा होताच. ती त्याने आल्या दिवसापासून रिकामी केलीच नव्हती.

टोर्बेन दोघांना घेऊन निघालेल्या बाईंच्या गाडीमागे अनवाणी धावला. "अहो बाई, असा अन्याय करू नका! जीव लावलाय हो आम्ही! आमचा क्विंटस परत द्या!"

सगळी गल्ली हळहळली. शेजारणीने सूप आणून दिले आणि क्विंटसच्या नावाने डोळे पुसले. वाचकांनाही वाईट वाटले असेल. क्विंटसचे नाव, अक्षर, घराणे, आहार, सगळे आपल्याला ठाऊक आहे. म्हाताऱ्याचे नाव मात्र या गोष्टीत कुठेच आले नाही. ते कुणी विचारले नाही, आणि इथपर्यंत वाचत आलात तरी तुम्हीही विचारले नाहीत.