तिसऱ्या कहव्याचा वेढा

बोस्निया मुलखी तेशान शहरी वरल्या मोहल्ल्यात नांदणाऱ्या समस्त हानुम मंडळींनी, म्हणजे घरोघरच्या यजमानणींनी, लिहिणारास आज्ञा केली की, गुदस्त सप्टेंबरी, मिरच्यांच्या शनिवारी, शेफिका हानुम यांचे बैठकीच्या खोलीत जो वेढा पडला त्याचे खरे वर्तमान लिहून ठेवावे. कारण खालच्या मोहल्ल्याची माणसे त्यास तिखटमीठ लावून सांगतात आणि आपण तेथे हजर नव्हतो एवढे मात्र सांगत नाहीत. त्यावरून लिहिणाराने कोणाची भीड न धरिता, जैसे घडले तैसे लिहिले असे. काही अधिकउणे भासल्यास तो दोष कहव्याचा, लेखणीचा नव्हे.

त्या साली जानेवारीच्या बर्फात वलंदेज, म्हणजे डच, मुलखातून फेमके बाई या नावाच्या, वयाने पस्तीस, अंगाने उंच, एकट्याच, खुर्च्यांच्या कारखान्यात नकशे काढण्याच्या कामी रुजू होऊन तेशानास दाखल जाहल्या आणि शेफिका हानुमच्या घरापासून तिसऱ्या घरी भाड्याने राहिल्या. मोहल्ल्याने सन्मान बहुत केला. पहिल्याच आठवड्यात पाच घरांतून खिमा भरलेल्या पापुद्री बुरेकाच्या थाळ्या आल्या, आणि बाईंनी थाळ्या घासून परत नेल्या, तो त्या भरून पुन्हा आल्या. मग वसंतात बायका गालिचे धुवावयास अंगणात जमल्या, बाह्या सरसावल्या, हसण्याचा एकच गदारोळ उडाला, तो ऐकून फेमके बाईही आपला गालिचा खांद्यावर टाकून तेथे पावल्या. त्यांना पाहताच हात थांबले, हसणे थांबले, आणि आतून खुर्ची आली, खुर्चीवर उशी आली, आणि बाईंस तिजवर बसविण्यात येऊन त्यांचा गालिचा दोघींनी त्यांच्यादेखत धुऊन दिला. बाई घरी जाऊन रडल्या. आठ महिने जाहले, बोली जिभेवर बसली, दुकानदार ओळखू लागले, तरी मोहल्ल्याच्या लेखी त्या मुसाफिर, म्हणजे पाहुण्या, त्या पाहुण्याच. चार दिवस पाहुणा होणे गोड, पण जन्मभर पाहुणा राहणे ही सजा आहे.

आता उभय मुलखांचे रिवाज लिहितो. बोस्नियाच्या घरी पाहुणा आला की पहिला कहवा आगत-स्वागताचा, दुसरा बोलण्या-चालण्याचा, आणि तिसरा तो सिक्तेरुशा, ज्याचा अर्थ सभ्य लेखणीने 'उठा आता' एवढाच लिहावा. तोंडाने उठा म्हणणे हे महापातक, म्हणून तो हुकूम कपात घालून पाठवितात, आणि शहाणा पाहुणा तिसरा कप पाहताच घरच्या कामाची आठवण काढून जोडे शोधू लागतो. वलंदेज मुलखी रिवाज वेगळा. तेथे पाहुण्यास कॉफीसोबत डब्यातून एक बिस्कीट देतात आणि डब्याचे झाकण खट्कन लावतात. तो आवाज ऐकिला की पाहुण्याने निघावे. शेफिका हानुमच्या घरी झाकणाचा डबाच नव्हता.

ते शनिवारी सकाळी नऊ वाजता फेमके बाईंची स्वारी दर शनिवारच्या रिवाजाप्रमाणे आली. अंगणात दोन मण लाल ढोबळ्या मिरच्या पोत्यांनी उभ्या, चूल पेटलेली, झिबा हानुम आदिकरून चार बायका सुऱ्या परजून तयार. मिरच्या भाजून, सोलून, हिवाळाभर पावाला लावावयाचा आय्वार त्या दिवशी करावयाचा होता. परंतु पाहुणी घरात असता यजमानणीने अंगणात राबावे हे शेफिका हानुमच्या चाळीस वर्षांच्या संसारात कधी घडले नव्हते. सबब पहिला कहवा जाहला, दुसरा लगबगीने जाहला, आणि दहाचे ठोके पडता पडता तिसरा दाखल केला.

फेमके बाईंस वाटले की मर्जी भलतीच बसली.

"अय्या, अजून एक? मावशी, तुमच्या हाताला काय चव आहे हो!"

कहव्याची तारीफ जाहली असता कप रिकामा ठेवू नये हा कायदा. मग हानुमने दात ओठ खात, हसतमुखाने, चौथा ओतला.

तेव्हा हानुमने डोळ्यांनी खुणावून आपले खाविंद इद्रिझ एफेंदी यांस मोहिमेवर नामजद केले. एफेंदींनी आधी गनिमी काव्याने सुरुवात केली, की "आभाळ भरून आलंय हो. तुमचे कपडे वाळत असतील ना बाहेर?" बाई म्हणाल्या, "निघतानाच आत घेतले, काका. काळजी नको." तो वार फुकट गेला. मग एफेंदींनी निर्वाणीचे हत्यार काढिले आणि समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडिल्या. या मोहल्ल्यात आरपार वाऱ्याने जितकी माणसे मेली म्हणून सांगतात तितकी पटकीनेही मेली नाहीत. तो वारा मानेला लागला की भले भले जवान पळ काढितात. परंतु वलंदेज मुलूख वाऱ्यातच जन्मतो आणि वाऱ्यातच मरतो. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "आहा! काय छान वारा येतोय." खासे एफेंदी मात्र शिंकू लागले आणि मफलर गुंडाळून माघारी फिरले.

इतक्यात अंगणातून झिबा हानुमची हाळी आली. झिबा हानुमची जीभ अशी की सुरीला धार लावावयास तीच पुरे.

"शेफिका! मिरच्या विचारताहेत, बाई आज येणार की उद्या?"

"आले गं, आले!" ऐसे हानुम बोलल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत, आणि पाचवा कहवा ओतला.

येथे दुसऱ्या पक्षाचेही वर्तमान लिहिणे प्राप्त आहे, कारण ते त्या वेळी कोणी पुसले नाही. पाच कहव्यांनी फेमके बाईंची छाती घोड्याच्या टापांसारखी वाजत होती, कानात शिट्ट्या होत होत्या, आणि त्यांस तासाभरापासून उठून घरी जावयाचे होते. परंतु यजमान ओतीत आहे तोवर उठावे कसे? या शहरी हे एकच दार आपणांस दर शनिवारी उघडते, ते उद्धटपणाने बंद पडले तर जावे कोठे, या भयाने त्या गोठून बसल्या होत्या. ऐसे दोन्ही लष्करे माघारीची वाट पाहत असता वेढा उठेना.

अकराचे सुमारास धूर आत आला आणि धुरामागून करपल्याचा वास आला. बाईंनी तो हुंगिला, न हुंगिलासे दाखविले, आणि यजमानीणबाईंचा मान राखावा म्हणून रिकामा कप पुढे केला.

मग चाळीस वर्षांचा बांध फुटला.

"ऊठ गं बाई, ऊठ! तिकडे माझ्या मिरच्यांचा कोळसा झाला, आणि तू इथं बसून नुसती ढोसतेयस! तुला घरदार नाही का?"

इद्रिझ एफेंदींनी मफलर तोंडावर ओढून घेतला. शेफिका हानुम आपलेच शब्द ऐकून मटकन खाली बसल्या आणि डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसू लागल्या, की माझ्या आईने, माझ्या सासूने जे केले नाही ते माझ्या जिभेने केले, दारच्या मुसाफिराला मी हाकलले.

फेमके बाई उभ्या राहिल्या. तोंड लाल, डोळ्यांत पाणी.

"मावशी, हे तिसऱ्या कपालाच सांगायचं ना हो! मेले असते ना मी! आणि तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"म्हणाले खरी. तोंडातून गेलं गं. चुकलं, माफ करा, आता परत..."

"परत 'तुम्ही' म्हणालात तर सहावा कप मागेन."

हानुम रडता रडता हसल्या. येथून पुढे लिहिणारही तिला बाई म्हणत नाही. फेमके बाह्या वर करून अंगणात गेली, आणि इद्रिझ एफेंदी जुन्या सवयीने खुर्ची घेऊन मागे धावले, तो हानुम खेकसल्या, "ठेवा ती तिकडे! तिला काय हात नाहीत?"

त्या दिवशी दुपार कलेपर्यंत लढाई जाहली. पाऊण पोते मिरच्या जळून कामी आल्या. फेमकेची दहाही बोटे पोळली, आणि तिने सोललेली पहिली मिरची झिबा हानुमने उचलून उन्हात धरिली आणि चारचौघींत विचारिले, "ही सालं कोण काढणार? तुझी सासू?" सगळ्या खदखदा हसल्या. फेमकेही हसली, आणि तिने मान खाली घालून पुढच्या मिरचीस हात घातला.

पुढील शनिवारी नऊ वाजता ती दारी आली. कोणी सामोरे आले नाही. आतून आवाज आला, "कोण, तू का? उघडंच आहे. माझे पाय आज सुजलेत, कहवा तूच टाक. आणि जरा दाट कर, तुमच्यातल्यासारखा पाणचट नको!"

येणेप्रमाणे वलंदेज फेमके, वस्ती वरला मोहल्ला, इजकडील पाहुणचार कायमचा बंद करण्यात आला असे. मोहीम फत्ते जाहली. झिबा हानुम व इद्रिझ एफेंदी साक्षीस आहेत. त्या दिवसापासून आजतागायत तिला त्या घरात कोणी 'बसा' म्हटलेले नाही.